सेंट्रल पार्कमधलं सेनेका व्हिलेज : बघायला काहीच नाही, तरी दोनदा गेलो (चार स्टार)

आधीच सांगून टाकतो, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १८५७ला उठवलेल्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या ह्या गावाच्या जागी आज बघायला काही नाही. भिंत नाही, घर नाही, तिकीटखिडकी नाही. गवत, खडक, झाडं आणि मधेमधे माहितीच्या पाट्या. माझी दहा वर्षांची नात पाच मिनिटांत म्हणाली, "आबा, इथे तर काहीच नाहीये." बरोबर आहे तिचं. पण मी एकतीस वर्षं भूसंपादनाच्या ऑफिसात काढली, अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, आणि "काहीच नाहीये" हे वाक्य मी इतक्या पंचनाम्यांवर वाचलंय आणि लिहिलंयसुद्धा, की ते कानावर पडलं की मला उलट जास्त बघावंसं वाटतं.

आम्ही दोघं सध्या मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आलोय, सहा महिन्यांसाठी. मुलाने पहिल्यांदा एका टूरवाल्याचं बुकिंग करून दिलं, सेंट्रल पार्क दोन तासांत, नाव लिहीत नाही, कशाला कुणाच्या पोटावर पाय. गाईड पोरगा हसरा होता पण त्याचं सगळं लक्ष सिनेमात काय कुठे शूट झालं त्याच्यावर. पुलाजवळ फोटो, तळ्याजवळ फोटो, गायक जॉन लेननच्या आठवणीसाठी केलेल्या त्या गोल जागी पंधरा मिनिटं. मग पश्चिमेच्या कडेने वर आलो, तिथे एक पाटी दिसली म्हणून मी विचारलं हे काय, तर म्हणाला इथे पार्कच्या आधी काही लोक झोपड्या टाकून राहायचे, स्क्वॉटर्स, पार्क करायचं म्हणून त्यांना हलवलं, पैसे पण दिले बरं का. आणि पुढे चालू पडला.

आता बघा, माझी सवय म्हणा खोड म्हणा. जो अतिक्रमण करून बसलाय त्याला सरकार जमिनीचे पैसे देत नाही. कुठलंच सरकार देत नाही. फार तर छपराचे, झाडाचे काहीतरी टेकवतात. जमिनीचा मावेजा, म्हणजे मोबदला, दिला म्हणजे मालकी मान्य केली, कागद तपासला, नाव लावलं, निवाडा केला. मग एकतर स्क्वॉटर्स खोटं, नाहीतर पैसे दिले हे खोटं. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. परतीच्या ट्रेनमध्ये मी हेच बोलत होतो तर आमची ही म्हणाली, "रिटायर झालात ना, आता तरी फाइल बंद करा." टूरला दोन स्टार, त्यातला एक त्या पोराच्या हसण्याला.

घरी येऊन नातीला लॅपटॉपवर बसवलं आणि वाचायला लागलो. सेंट्रल पार्क कन्झर्वन्सी म्हणून संस्था आहे, पार्क तीच सांभाळते, तिच्या साइटवर बरंच आहे. वाचता वाचता रात्रीचे बारा झाले आणि पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो, ह्या वेळी गाईडशिवाय. तर खालचा रिव्ह्यू हा त्या दुसऱ्या फेरीचा.

जायचं कसं ते सांगतो. एडिसनहून एनजे ट्रान्झिटच्या ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, बासष्ट वर्षांच्या वरच्यांना अर्धं तिकीट आहे, मागून घ्या. पेन स्टेशनवरूनच सी नावाची मेट्रो ट्रेन अपटाउनकडे, म्हणजे उत्तरेला, ८६व्या रस्त्याला उतरायचं, वर आलं की समोर पार्कच. ८५व्या रस्त्याच्या गेटने आत शिरा. गाव होतं ८२ ते ८९ ह्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, पार्कच्या पश्चिम अंगाला. सेनेका हे नाव कशावरून पडलं ते ठाम कुणालाच सांगता येत नाही.

गोष्ट सुरू होते १८२५ला. जॉन आणि एलिझाबेथ व्हाइटहेड नावाच्या जोडप्याने आपली शेतजमीन प्लॉट पाडून विकायला काढली. तेव्हा न्यूयॉर्क म्हणजे खाली टोकाला होतं, इकडे सगळं रान. पहिला घेणारा अँड्र्यू विल्यम्स, वय २५, धंदा बूट पॉलिशचा, कृष्णवर्णीय. तीन प्लॉट घेतले १२५ डॉलरला. त्याच सुमाराला एपिफनी डेव्हिस नावाच्या दुकानातल्या कारकुनाने बारा प्लॉट घेतले ५७८ डॉलरला, आणि एएमई झायन ह्या कृष्णवर्णीयांच्या चर्चने सहा. तारखेकडे लक्ष द्या, न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपली ती १८२७ला, म्हणजे दोन वर्षांनी. ज्या राज्यात आपल्यासारख्या माणसांची अजून मालकी चालते तिथे एक पॉलिशवाला पोरगा स्वतःच जमिनीचा मालक होतो. खरेदीखत, रजिस्टर, सगळं रीतसर. ह्यात झोपडी कुठे आली?

पाट्यांवर हे सगळं नीट दिलंय. ह्या पाट्या २०१९ला लावल्या, त्याच्या आधी २००१ला एक पाटी लागली होती. त्याच्याआधी काही नाही. १८५७ला गाव उठलं आणि २००१ला पाटी, १४४ वर्षं. मधल्या काळात लाखो लोक ह्याच गवतावर चादर टाकून सँडविच खाऊन गेले असतील, त्यांना काय माहीत. शहरालाच आठवण उरली नव्हती, १९९०च्या दशकात इतिहासकारांनी पार्कचा इतिहास खणायला घेतला आणि त्यानंतर एका मोठ्या म्युझियमने १९९७ला प्रदर्शन भरवलं तेव्हा कुठे लोकांच्या कानावर हे नाव पडायला लागलं.

पाट्यांचं इंग्रजी सोपं आहे, अक्षर मला चष्म्याने वाचता आलं. एका जागी उभं राहून सगळं कळत नाही मात्र, पाट्या विखुरलेल्या आहेत, चढउतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी समिट रॉकला वळसा घालून जावं. समिट रॉक म्हणजे पार्कमधला सगळ्यात उंच नैसर्गिक खडक, आम्ही वर गेलो, ही दोनदा बसली. त्याच्या पायथ्याशी टॅनर्स स्प्रिंग म्हणून झरा आहे, गावाचं पाणी बहुधा ह्याच्यावरच. आणि नाव कुणाचं? हेन्री टॅनर नावाच्या डॉक्टरचं, ज्याने १८८०ला चाळीस दिवस उपास केला आणि म्हणे ह्या झऱ्याचं पाणी प्यायचा. म्हणजे तीस वर्षं ज्यांनी हंडे भरले त्यांचं नाव नाही, उपास करणाऱ्याचं आहे. आमच्या हिचे आयुष्यभराचे चतुर्थी एकादशी मिळून हजार तरी उपास झाले असतील, तिच्या नावाने नळ पण नाही. हे मी तिला तिथेच ऐकवलं, हसली.

१८५५ला राज्याची जनगणना झाली त्यात गावात साधारण २२५ माणसं. दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकीचे बहुतेक आयरिश, बटाट्याच्या दुष्काळात तिकडून आलेले, थोडे जर्मन. तीन चर्च, दफनभूमी, शाळा. ऑल एंजल्स नावाच्या चर्चमध्ये काळे, आयरिश, जर्मन एकत्र बसायचे, त्या काळात. आणि कृष्णवर्णीयांपैकी निम्म्या जणांची घरं स्वतःच्या मालकीची. जमीन का घेत होते ह्याचं एक कारण पाट्या वाचून लक्षात आलं आणि मी तिथेच बाकावर बसलो. १८२१च्या न्यूयॉर्कच्या घटनेने काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची जमीनजायदाद पाहिजे अशी अट घातली होती. गोऱ्यांवरची जमिनीची अट त्याच घटनेने काढून टाकली, ह्यांच्यावरची ठेवली. १८४५ला अख्ख्या न्यूयॉर्क शहरात मताचा हक्क असलेले काळे लोक शंभर, त्यातले दहा ह्या एवढ्याशा गावात. आता विचार करा मावेजा म्हणजे काय दिलं आणि काय घेतलं. पैसे रोख दिले पण मत रोखीत मिळत नाही, त्याला परत कुठेतरी जमीन लागते आणि कुणीतरी विकायला तयार लागतं.

काहीजण तर दुसऱ्यांदा उठले असावेत. शेजारीच यॉर्क हिल म्हणून वस्ती होती, ती शहराने पाण्याच्या मोठ्या टाकीसाठी घेतली, तिथले बरेच इकडे आले असं सांगतात. ती टाकी १८४२ला सुरू झाली, क्रोटन नदीचं पाणी आणलं होतं, गावाच्या अगदी बांधाला. पुढे १९३०च्या दशकात ती बुजवून तिथे ग्रेट लॉन केलं, आज लोक तिथे बेसबॉल खेळतात. धरणात गेलेलं गाव पुनर्वसनात बसवायचं आणि वीस वर्षांनी तिथून चौपदरी काढायचा, हा प्रकार मी मराठवाड्यात बघितलेला आहे, त्यामुळे मला ह्यात नवीन काही वाटलं नाही, फक्त वाईट वाटलं.

आता आमच्या खात्याचा भाग, इथे मी जरा रेंगाळणार, कंटाळा आला तर खाली म्युझियमवर उडी मारा.

सरकारने सार्वजनिक कामासाठी मालकाची इच्छा असो नसो जमीन घ्यायची आणि मोबदला द्यायचा, ह्याला अमेरिकेत एमिनंट डोमेन म्हणतात. आपल्याकडे १८९४चा कायदा होता, आता २०१३चा आहे, मूळ कल्पना तीच. १८५०च्या आसपास न्यूयॉर्कच्या बड्या लोकांना वाटायला लागलं की लंडन पॅरिससारखं आपल्याकडे मोठं पार्क पाहिजे. सुरुवातीला जागा ठरली ती ही नव्हेच! ईस्ट रिव्हरच्या काठाला जोन्सेस वुड म्हणून झाडीची जागा होती, ती घ्यायचा कायदासुद्धा झाला. पण तिचे मालक श्रीमंत, ते कोर्टात गेले, ओळखीपाळखी लावल्या आणि १८५४पर्यंत ते सगळं बारगळलं. राहिली मधली जागा, तिचा कायदा २१ जुलै १८५३ला झाला होता. हे वाचून मला खुर्चीत बसल्या बसल्या हसू आलं. अलाइनमेंट बदलणे! कॅनॉल सरळ येत असतो आणि अमुक पाटलाच्या बागेजवळ आला की त्याला अचानक वळण घ्यावंसं वाटतं आणि तो शेजारच्या दोन एकरवाल्याच्या वावरातून जातो. इंजिनियरला विचारलं तर लेव्हल सांगतो. लेव्हल असते पण जमिनीची नसते.

मग पेपरांचं काम सुरू झालं. पार्कची बाजू घेणाऱ्या पेपरांनी ह्या वस्तीला शँटी म्हणजे झोपड्या, घाण, स्क्वॉटर्स असं लिहिलं, काळ्यांसाठीची जी शिवी तिकडे आहे ती लावून गावाचं नाव छापलं. गाईडने मला जो शब्द सांगितला तो तिथून आलाय, १७० वर्षांचा शिळा शब्द, तो पोरगा अजून गरम करून वाढतोय. त्याचा दोष नाही फार. आणि दुसऱ्या बाजूला त्याच वेळी सरकारचाच सर्व्हेअर हातात साखळी घेऊन फिरत होता. गार्डनर सेज नावाच्या माणसाचा १८५६चा संपादनाचा नकाशा आहे, त्यात प्रत्येक प्लॉट, घर कुठे, घराचा आकार किती, गोठा कुठे. त्याची कॉपी बघितली आणि काय सांगू, आमच्या संयुक्त मोजणीचा नकाशाच! बाहेर पेपरात स्क्वॉटर्स आणि आत फाइलमध्ये मालकाच्या नावासकट क्षेत्रफळ. म्हणून मघाचं माझं गणित सुटलं. पैसे दिले हे खरं आहे, त्यामुळेच ते स्क्वॉटर्स नव्हते हे सरकारनेच लिहून ठेवलंय. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, आज त्या लोकांबद्दल जे कळतं ते बरंचसं ह्याच कागदांवरून, जनगणना, टॅक्सच्या नोंदी, चर्चची रजिस्टरं आणि त्यांना उठवण्यासाठी केलेली फाइल. फाइल नसती तर तो पॉलिशवाला विल्यम्स कुणाला माहीत होता.

एक कबुलीपण देतो. एका तलावाच्या कामात मी साहेबांबरोबर पंचनाम्याला होतो, एका बाईची विहीर होती, बांधलेली नव्हती. साहेब म्हणाले कच्ची लिहा. बाई म्हणाली, "साहेब, हीर कच्ची असंल पण पाणी पक्कं हाय, चैतात येऊन बघा." मी कच्ची लिहिलं. कच्चीचा रेट वेगळा आणि पक्कीचा वेगळा. माझ्या हातचं अक्षर आहे ते, अजून असेल कुठल्यातरी रॅकवर. तर मी इथे कुणा अमेरिकन साहेबाला नावं ठेवायला बसलो नाही.

विल्यम्सचं काय झालं ते पाटीवर नाही पण वाचायला मिळालं. त्याने घर आणि तीन प्लॉटचे ३,५०० डॉलर मागितले. मिळाले २,३३५. गावाला १८५७ला शेवटचं उठवलं. सगळ्या पार्कच्या जागेवरून मिळून साधारण १,६०० माणसं हलली, त्यात डुकरं पाळणारे आयरिश होते, भाजी लावणारे जर्मन होते, सगळेच काळे नव्हते हेही सांगायला पाहिजे. पण अशी चर्च, शाळा, मालकीची घरं असलेली कृष्णवर्णीयांची वस्ती ही एकच. आणि ती परत एकत्र बसली नाही कुठेच. जो तो पांगला. आजही त्यांचे वारस कोण ते शोधण्याचं काम चालू आहे. आमच्याकडे निदान धरणग्रस्तांचं गाव नावामागे "नवीन" लावून कुठल्यातरी माळावर उभं तरी राहतं, पाणी नसलं तरी पाटी असते.

एका पाटीजवळ मी जास्त वेळ थांबलो, एएमई झायन चर्चची. पार्कचा कायदा २१ जुलै १८५३ला झाला ना, तर ४ ऑगस्ट १८५३ला, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांनी, ह्या लोकांनी नव्या चर्चची कोनशिला बसवली. दगडाच्या आत पेटी ठेवली, बायबल, भजनांचं पुस्तक, ट्रस्टींची नावं, त्या दिवसातले पेपर. त्यांना कायदा माहीत नव्हता असं मला नाही वाटत. आपल्याकडे पण जुन्या कायद्यात कलम ४ची, म्हणजे जमीन घेणार असल्याची, नोटीस लागल्यावर लोक घराला रंग काढायचे, आणि ऑफिसात बसून आम्ही म्हणायचो बघा मावेजा वाढवायला करतात. काहीजण करत असतीलही. पण कोनशिलेत भजनाचं पुस्तक ठेवून रेट वाढत नसतो.

दफनभूमीबद्दल पाट्या जपून बोलतात, ते मला आवडलं. १८७१ला तिथे काम करणाऱ्या मजुरांना शवपेटी लागली तर पेपरात आश्चर्याची बातमी, ही कुणाची म्हणून. चौदा वर्षं झाली होती फक्त! बाजूलाच चर्च होतं. चौदा वर्षांत शेजारचं गाव विसरायला काय लागतं ते मला कळत नाही.

२०११ला कोलंबिया आणि सिटी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दोनेक महिने इथे खोदलं. विल्यम विल्सन नावाचा ऑल एंजल्स चर्चचा देखरेखीवाला होता, बायको आणि आठ मुलं, लाकडी तीन मजली घर, त्याचा पाया सापडला. आत लोखंडी चहाची किटली, भाजायचं भांडं, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, चामड्याच्या तळव्याचा छोटा बूट. चिनी पोर्सेलिन वापरणाऱ्या घराला झोपडी म्हणतात म्हणजे आमचं निजामाच्या काळातलं माळवद तर गुहाच म्हणायला पाहिजे. खोदून झाल्यावर परत बुजवलं, त्यामुळे तुम्हाला पाया दिसणार नाही, पाटीवर फोटो बघा. आमची ही त्या किटलीच्या फोटोपाशी थांबली, म्हणाली, "आठ लेकरांच्या घरात चांगली किटली कोण सोडून जातं, घाईतच बाहेर काढलं असणार त्यांना." मी म्हटलं गळकी असेल म्हणून टाकली असेल. ती म्हणाली, "आठ लेकरं असली की गळकी टाकत नाहीत, डाग लावून आणतात." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तक्रारी आहेत. एक म्हणजे गाव किती होतं ह्याचा अंदाज पायाखाली येत नाही. निदान एखाद्या घराची चौकट दगड लावून गवतात आखली असती तर माझ्या नातीला "काहीच नाहीये" वाटलं नसतं. शेवटी मीच पावलं टाकून दाखवली. इथले प्लॉट साधारण २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब असायचे, तर विल्यम्सचे तीन म्हणजे ७५ फूट. नात मोजत मोजत एका पिकनिकवाल्यांच्या चादरीवर पोचली, त्यांनी तिला द्राक्षं दिली. दुसरी तक्रार, बाथरूम मला आसपास दिसलं नाही, वयस्करांनी आधीच सोय बघून निघावं. तिसरी, २०१९ला शहराने लायन्स कुटुंबाचं स्मारक जाहीर केलं, ह्या कुटुंबाची गावात जमीन होती, खलाशांची खानावळ चालवायचे, पळून आलेल्या गुलामांना लपवायचे, मोठी माणसं. पण जागा ठरवली १०६व्या रस्त्याला, म्हणजे गावापासून वीस रस्ते वर. लोकांनी ओरडा केला आणि बरोबर केला. पुनर्वसन लांब करायची सवय पुतळ्यापर्यंत जाते म्हणायची.

तिथून पार्क आडवं ओलांडून मेट म्युझियमला, म्हणजे मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला, गेलो, वीस मिनिटं चालत. मेटचं तिकीट बाहेरच्यांना ३० डॉलर, ज्येष्ठांना २२, बारा वर्षांखाली फुकट, न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना मनाला येईल तेवढं. न्यू जर्सीवाल्या नोकरदारांना पूर्ण, मुलगा कुरकुरला. तिथे २०२१पासून एक खोली केलीय, सेनेका व्हिलेज उठलंच नसतं आणि तिथलं एक घर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असतं तर आज आणि उद्या ते कसं दिसलं असतं, अशी कल्पना. अर्धं लाकडी जुनं घर, मधे चूल, आणि अंगाला टीव्ही, रंगीत काच, आफ्रिकेतल्या कलाकारांच्या वस्तू. आत जाता येत नाही, बाहेरून फिरून बघायचं. मला अर्धं कळलं नाही खरं सांगतो, पण नात तिथून हलेना. गवतावर पाच मिनिटांत कंटाळलेली पोरगी इथे अर्धा तास. "आबा, म्हणजे त्या घरातली मुलगी आत्ता माझ्याएवढी असती?" म्हटलं हो. मेट स्वतःच त्याच पार्कच्या जमिनीवर उभं आहे हे मी तिला नाही सांगितलं, मुलाला सांगितलं.

हे एकट्या ह्या गावाचं नाही हेही मुलाने परत येताना फोनवर काढून दाखवलं. आम्ही ज्या लिंकन सेंटरच्या बाहेर कारंज्याजवळ फोटो काढले होते ना, तिथे सॅन हुआन हिल म्हणून काळ्यांची आणि प्वेर्तो रिकन लोकांची वस्ती होती, जॅझवाला थेलोनियस मंक तिथे वाढला. १९५०च्या दशकात रॉबर्ट मोझेस नावाच्या जबरदस्त अधिकाऱ्याने झोपडपट्टी निर्मूलन म्हणून ती काढली, ७,००० च्या वर कुटुंबं आणि ८०० दुकानं. परत तोच शब्द, झोपडपट्टी. आणि कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला ब्रूस नावाच्या जोडप्याचा समुद्रावर रिसॉर्ट होता, काळ्यांना हक्काने जाता येईल असा. १९२४ला शहराने पार्क पाहिजे म्हणून ती जागा सक्तीने घ्यायचं ठरवलं, आणि घेऊन अनेक वर्षं तशीच पाडून ठेवली. तिथे मात्र २०२२ला काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, ब्रूसच्या वारसांना जमीन परत केली, आणि २०२३ला वारसांनी ती काउंटीलाच २ कोटी डॉलरला विकली. मूळ मावेजा होता १४,५०० डॉलर. काहींना वाटलं विकायला नको होती. माझं मत, मालकाला विकायचा हक्क परत मिळाला तर तो विकायलाही वापरता आला पाहिजे, नाहीतर परत कसली दिली. सेनेकात ते होणार नाही. पार्क कोण परत देणार, आणि द्यायचं तर कुणाला.

पार्क सुंदर आहे, ह्यात शंकाच नाही. ऑक्टोबरात झाडं लाल पिवळी झाली होती, सगळ्या रंगाची माणसं त्याच गवतावर लोळत होती, एक बाई पोळीसारखं काहीतरी डब्यातून खात होती. सार्वजनिक प्रयोजन खोटं नव्हतं इथे, आमच्याकडे कारखान्यासाठी घेऊन वीस वर्षं बाभळी वाढलेल्या जमिनी मी बघितल्यात त्या हिशोबाने तर फारच खरं. म्हणूनच चार स्टार, एक कापला तो चौकट न आखल्याबद्दल. जाणाऱ्यांनी आधी पाट्या करा मग मेट, उलटं नको. पाणी आणि काहीतरी खायला बरोबर ठेवा. आणि कुणी गाईड झोपड्या म्हणाला तर त्याला शांतपणे विचारा की मग पैसे कशाचे दिले.

येताना ८६व्या रस्त्याच्या स्टेशनवर मी मोबाईलवर वजाबाकी करत होतो. ३,५०० वजा २,३३५, फरक १,१६५. हिला म्हटलं, आपल्याकडे असता तर जुन्या कायद्याच्या कलम १८खाली रेफरन्स, म्हणजे कोर्टाकडे दावा, केला असता वाढीव मावेज्याचा, कोर्टाने व्याजासकट दिला असता.

"किती वर्षांनी?" ती म्हणाली.

मी ऑफिसात असताना लागलेले काही रेफरन्स अजून चालू आहेत. रविवारी सी ट्रेन बराच वेळ येत नाही, फलाटावर बसायला बाक आहे.